अंगणातल्या नळाचा जोड

बामगोल,
२३ नोव्हेंबर २००९

चि. गिथे यास,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. अकरा वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर पाहून तू ते आधी उलटंपालटं करशील, मग चहा घेशील, मग फोडशील. इथे कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. तेव्हा निवांत वाच.

इकडे थंडी लवकर पडली. मिरच्या यंदा बऱ्या झाल्या, तीळ मात्र पावसानं नेले. आत्या चौऱ्याऐंशीची झाली. तिला जे ऐकायचं असतं तेवढं छान ऐकू येतं. तुझी वहिनी ओकनाम गुडघे धरून असते, पण जिभेला तिच्या काही झालेलं नाही, आणि या पत्राची सुरुवात तिथूनच आहे.

गेल्या महिन्यात कोबी तिखटामिठात मुरवून वर्षाची किमची घालायचा विषय निघाला. ओकनाम म्हणाली, "अकरा वर्षं स्वयंपाकघरातून रबरी नळी ओढत आणून मी अंगणात कोबी धुतेय. यंदा एक तर अंगणातला नळ चालू करा, नाहीतर बाजारची किमची आणा. आणि आत्यांना ते तुम्हीच सांगा."

आत्याच्या ताटात बाजारची किमची वाढायची म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. मी कुदळ शोधायला गेलो. ती म्हणाली, माणूस बोलवा. मी म्हटलं, हा नळ आम्ही दोघा भावांनी टाकलाय, तिसऱ्याचा हात नको. खरं कारण ते नव्हतं. ते पुढे लिहितो.

गावात नळाचं पाणी आलं ते एकोणनव्वद साल आठवतं का? तू शहरात दोन वर्षं नळाचं काम शिकून आला होतास आणि इंजिनिअर असल्यासारखा कमरेवर हात ठेवून उभा राहायचास. मी म्हणालो, हातभर खणलं की पुरे.

"दादा, इथली जमीन जानेवारीत गोठते. नळ कमरेइतका खाली हवा."

"कोणाच्या कमरेइतका? तुझ्या की आईच्या?"

"तुझ्या. सगळ्यांत उंच तूच आहेस."

दोन दिवस खणत होतो. आई उकडलेले बटाटे आणि किटलीभर माकॉली घेऊन चराच्या काठावर बसायची आणि वाकडं खणताय म्हणून नावं ठेवायची. त्या तांदळाच्या दारूचा पहिला घोट तिचाच असायचा. पाणी आलं तेव्हा तिनं भांडं नाही लावलं. नुसता हात धरून उभी राहिली, बाही कोपरापर्यंत भिजली तरी. गिथे, मी आयुष्यात बरंच काही कमावलं नाही, पण ते दोन दिवस माझे आहेत.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे रांजणांच्या ओट्यावर ठेवायचं वाटीभर पाणी ती या नळाचं घ्यायला लागली. आत्या म्हणाली, देवाला विहिरीचंच चालतं. आई म्हणाली, "देव काय मीटर वाचायला येतो?" तू उल्सानला कामाला गेलास तेव्हापासून ती वाटी तुझ्या नावाची होती, हे तुला कोणी सांगितलं नसेल.

तर गेल्या मंगळवारी मी अकरा वर्षं बंद ठेवलेला कॉक उघडला. मीटरमधलं बारकं चाक गरागरा फिरायला लागलं आणि थोड्या वेळानं रांजणांच्या ओट्यापाशी माती काळी पडली. तू गळती ऐकायला करायचास तशी पहार जमिनीत रोवून दुसरं टोक कानाला लावलं. माझाच श्वास ऐकू आला. मग जिथं ओल होती तिथं खणायला घेतलं. दोन दिवस लागले. तेव्हाही दोनच लागले होते, पण तेव्हा चर सगळ्या अंगणाचा होता.

आधी तुझा जोड लागला. त्याला तू गवताचा दोर गुंडाळून वर प्लॅस्टिक बांधलं होतंस, ते तसंच होतं. सगळं सोडवलं, जोड पुसला, त्याला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळला आणि पाणी सोडलं. बराच वेळ बघत बसलो. कागद कोरडा राहिला. वीस वर्षांत तुझा जोड एक थेंब गळला नाही.

पाणी येत होतं ते तिथून दीड हात पुढे. किमचीचा रांजण पुरायचा आपला जुना खड्डा होता ना, त्याच्या कडेला. प्लॅस्टिकच्या नळाच्या पाठीवर तिरपी चीर, अंगठ्याच्या नखाएवढी. मी कुदळीचं टोक त्या चिरेत धरून पाहिलं. नीट बसलं.

तेवढा तुकडा करवतीनं कापला आणि नवा जोड घातला. पहिल्यांदा भसाभसा गळला, कारण नट मागाहून चढवायला गेलो आणि सगळंच उलटसुलट केलं. मग तुझं बोलणं आठवलं. "आधी नट, मग कडी, मग रबर. दादा, तू पँटीवर चड्डी घालतोस का?" चिखलात बसून एकटाच हसलो. ओकनाम दारातून बघत होती, तिला वाटलं मी रडतोय. थोड्या वेळानं तिचं खरं झालं. दुसऱ्या खेपेला जोडानं पाणी धरलं.

इथवर मी असं लिहिलंय की जणू हे मला गेल्या आठवड्यात कळलं. तसं नाही.

सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरात आईनं मला बजावलं होतं, "खड्डा इकडे नको, गिथेचा नळ जातो खालून." पलीकडे झाडाची मुळं होती, मला कंटाळा आला. मी तिथंच खणलं. तळाशी कुदळ कशाला तरी लागली. दगडाला लागते तशी नाही, मऊ. बायका तिखटाचे हात घेऊन खोळंबल्या होत्या. मी वर पेंढा पसरला आणि रांजण उतरवला.

जानेवारीत खालचं पाणी वर झिरपून अंगणात बर्फ धरला. वाटी घेऊन जाताना आई त्यावरून घसरली. पुढचं तुला माहीत आहे. मार्चमध्ये तिला पोचवून आल्यावर सगळ्यांच्या देखत मी म्हणालो, "गिथेच्या जोडानं आईला नेलं." तू माझ्याकडे पाहिलंस, बूट घातलेस आणि निघून गेलास. आई पडल्यावर बंद केलेला कॉक मी तसाच ठेवला आणि कधी खणून पाहिलं नाही. ज्याला खरंच माहीत नसतं त्यानं खणून पाहिलं असतं. म्हणूनच परवाही तिसरा माणूस मला अंगणात नको होता.

आणखी एक आहे. ते लिहिण्यासाठी तीन कागद फाडले. दवाखान्यात आई मला म्हणाली, "जोड सुटला असेल. गिथेला बोलू नकोस हं, लहान होता तो." मी म्हणालो, बरं. तेव्हा तिला खरं सांगायला दोन शब्द लागले असते. जे मी केलं होतं त्याची माफी तिनं तुला दिली आणि ती गेली. आणि ते 'बरं'सुद्धा मी दोन महिने पाळलं नाही.

काल किमची घातली. आईला पोचवून आल्यावरचं माझं बोलणं ऐकलेल्या बायकांपैकी पाचजणी आल्या होत्या. नळ चालू होता, कोबी धुतले जात होते, तिथंच उभा राहून सगळं सांगितलं. सगळ्यांचे हात थांबले. आत्या म्हणाली, "मला कशाला सांगतोस? मी रुसून उल्सानला गेले होते का?" मग ती एकाच पानाला कितीतरी वेळ तिखट चोळत बसली. ओकनाम माझ्याशी अजून बोललेली नाही. पण तुझ्यासाठी डबा भरून, खोक्यात घालून तिनं दाराशी ठेवलाय. त्याच खोक्यात नळाचा कापलेला तुकडा घालतोय. तू कारागीर आहेस, बघितल्यावर तुला सांगायला लागणार नाही.

दुसऱ्या चांद्रमहिन्यात नवमीला आईचं श्राद्ध. दारूचा पहिला प्याला थोरल्या मुलानं ओतायचा, तो अकरा वेळा मी ओतला. आता ओतणार नाही. तुला ये म्हणायचा हक्क मला नाही, पण तो प्याला तुझा आहे. तू आला नाहीस तर तो आईपुढे रिकामा ठेवीन. लोक विचारतील, पिलगू, प्याला रिकामा का? मी जिवंत आहे तोवर दरवर्षी त्यांना कारण सांगेन, आणि आईलाही.

खोटं बोललेला तुझा थोरला भाऊ,
पिलगू