मराठी शिकलेला कॉम्प्युटर

रविवार, संध्याकाळ

आज शिरूरहून दौंडला गेलो, तिथे सगळे ज्यांना शेलारमामा म्हणतात त्या अनोळखी गृहस्थांचा जुना कॉम्प्युटर मागायला. टीव्हीला जोडायचा, कीबोर्डातच सगळं यंत्र असलेला. माझ्या संग्रहातले असे सहा मी कंपनीतून आले तसेच जपलेत. याच्या पाठीला मात्र भोक पाडलेलं. वाईट वाटलं.

मामा साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. त्यांनी बटण दाबलं आणि टीव्हीवर ‘अ’ उमटला. चौकटीच्या वहीत ठिपका ठिपका रंगवून त्यांनी सगळी अक्षरं तयार केली होती. ती साठवलेली चिप त्या भोकातून जोडलेली.

“एवढं कशासाठी, मामा?”

त्यांनी शेजारी बसलेल्या मामींकडे बोट केलं. “हिला लिहायला शिकायचं व्हतं, आन् बाहेर जायची लाज वाटायची. ह्याला तर नुसतं इंग्रजी येत व्हतं. मग आधी ह्यालाच शिकवलं.”

मी सहा जपले, पण एकाला तरी काही शिकवलं का? ते भोक आता सुंदर वाटायला लागलं. कॉम्प्युटर मागायचा धीरच झाला नाही.

मामींनी माझं नाव विचारलं आणि एका बोटाने टाइप करू लागल्या. पहिल्याच अक्षराला थांबल्या.

“जोडाक्षर ह्याला जमत न्हाई,” म्हणाल्या, “मला येतंय.”

आणि पेन घेऊन त्यांनी कागदावर सावकाश लिहिलं, प्रमोद.