बागायतदाराचा प्रसन्न चेहरा

३ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.

काल मुंबईहून फोन. जाहिरातीचं शूटिंग, दोन दिवस, आपल्या डहाणूत. लोकेशन, माणसं, जेवण, गाड्या, सगळं मी बघायचं. याला लाइन प्रोड्युसर म्हणतात. दोन वर्षांपूर्वी पतपेढीतली नोकरी सोडली ती याचसाठी, हे आता सिद्ध झालं. मधल्या काळात चार बारशी आणि एका दुकानाचं उद्घाटन शूट केलं, पण तो रियाज होता.

प्रॉडक्ट गुप्त आहे. गुप्ततेच्या कागदावर सही घेतली. एवढंच कळलं की ‘वेलनेस’. म्हणजे प्रीमियम.

खरी गोष्ट फक्त इथे लिहितो. पात्रांच्या यादीत आहे: ‘बागायतदार, वय ४० ते ४५, रांगडा, प्रसन्न चेहरा, लोकल चालेल.’ मी ४४. आरशात पाहिलं. प्रसन्न आहे.

सासरे, दशरथअप्पा, दर भेटीत विचारतात, सध्या काय चाललंय जतीनराव. चारचौघांत. आता स्क्रीनवरच बघा म्हणावं. बायकोला, स्वप्नालाही बघू दे. दोन वर्षं झाली, ती आशागडच्या शाळेतून घरी येते, माझ्याकडे एकदा बघते आणि वह्या तपासायला घेते.

५ नोव्हेंबर
दिग्दर्शिका आली. भाविका. सव्वीसची असेल. मला अंकल म्हणते. दोनदा सांगितलं, जतीन सर म्हणा. तिसऱ्यांदा जतीन अंकल म्हणाली. प्रगती आहे.

झाईचा किनारा दाखवला. नको म्हणाली. तिला चिकूची वाडी हवी. मी लगेच अप्पांची वाडी सुचवली, स्वतःचीच असल्यासारखी. अप्पांना पटवायला माझं सगळं कौशल्य पणाला लागलं. स्वप्नाने त्यांना आधीच फोन करून विचारलं होतं म्हणे. तो वेगळा विषय.

७ नोव्हेंबर
गोष्ट कळली. एक बाई झाडावरचा चिकू तोडते, तिथेच चावा घेते, हसते. शेजारी बागायतदार, प्रसन्न. साधं, सुंदर.

तर सदू मध्ये बोलला. सदू म्हणजे अप्पांच्या वाडीवरचा माणूस. तलासरीहून येतो. पंचवीस वर्षं इथे राबतोय, त्यामुळे स्वतःला तज्ज्ञ समजतो. म्हणाला, "झाडावर चिकू पिकत नाय शेठ. काढून पेंढ्यात घालून ठेवायचा. पाच दिवस लागतात." पिकलेले आणून दोऱ्याने फांदीला बांधू म्हणाला.

दोऱ्याने. प्रेक्षकांची फसवणूक. मी त्याला भाविकासमोरच ऐकवलं की मी अठरा वर्षं या वाडीचा जावई आहे, अठरा वर्षं इथले चिकू खातोय, बशीत येतो तो प्रत्येक चिकू लोण्यासारखा असतो, एकही कच्चा लागलेला नाही. सदू मान डोलावून वखारीकडे निघून गेला. काही लोकांना असंच समजवावं लागतं.

संकल्प: क्लायंटला ‘नाही’ हा शब्द ऐकवायचा नाही.

९ नोव्हेंबर
भूमिकेची तयारी. मिशीला कलप लावला. थोडा कपाळालाही लागला, जाईल. रोशनला बोलावून फोटो काढले. रोशन लग्नाचे व्हिडिओ करतो. माझ्या लोकल क्रूचा कणा. चौसष्ट फोटो काढले. त्याने विचारलं, जतीनभाय, पोट आत घेऊन काढू की आहे तसं. मी म्हणालो, नैसर्गिक. त्यातले तीन भाविकाला पाठवले. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. मोठ्या निवडी अशाच शांतपणे होतात.

दुपारी अच्छाडच्या ढाब्यावर क्रूची मीटिंग. सहा जण आले. टीमवर्कवर चाळीस मिनिटं बोललो. शेवटी रोशन एकटाच उरला होता, त्याच्या बाइकची चावी माझ्या खिशात होती म्हणून.

वजन कमी करायचं ठरवलं. सोमवारपासून.

१० नोव्हेंबर
भाविकाचा मेसेज. बागायतदार फायनल, लोकल माणूस, चेहरा सुपर्ब.

नाव लिहिलं नव्हतं. गरजही नव्हती.

फॅमिली ग्रुपवर टाकलं, ‘लवकरच काहीतरी मोठं’. अप्पांनी अंगठा दिला. स्वप्नाने मेसेज बघितला, पण शाळेत गडबड असणार.

१२ नोव्हेंबर, सकाळी ७.३०
वाडीत. कोवळं ऊन. सदूला इस्त्रीचा शर्ट घालून झाडाखाली उभं केलंय. लाइट मापायला कुणीतरी लागतंच. मी मेकअपच्या खुर्चीत बसलो तर मेकअपवाल्याने उठवलं, ही आर्टिस्टची आहे म्हणाला. त्याला अजून कळवलेलं दिसत नाही.

१२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६
आजचा दिवस माझा होता. तोंड दुखतंय, म्हणून थोडक्यात.

मुंबईच्या हिरॉइनने चावा घेण्याआधी विचारलं, हा असाच खाता येतो ना. सदूने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी पुढे झालो, झाडावरचा सर्वात मोठा चिकू तोडला आणि कचकन चावला. अर्धा.

कच्च्या चिकूत चीक असतो. पांढरा. ही माहिती मला कुणी नीट दिली नव्हती. आधी जीभ टाळूला चिकटली, मग ओठ ओठांना. घसा आवळला. थुंकता येईना, गिळता येईना, डोळ्यांतून धारा. मी हातांनी खुणा करत होतो. भाविका जवळ आली. मला वाटलं पाणी देतेय. ती हळूच म्हणाली, "अंकल, अजिबात हलू नका." मग कॅमेरा माझ्याकडे वळवला. पावणेदोन मिनिटं. क्रू हसत होता. टेन्शनमध्ये लोक हसतात.

हिरॉइन व्हॅनमध्ये गेली ती बाहेर आलीच नाही. उद्या तिचं लिपस्टिकचं शूट आहे. दुपारी मुंबईला निघून गेली.

तेवढ्यात स्वप्ना आली. हाफ डे टाकून. तिने खोबरेल मागवलं आणि माझ्या ओठांना लावत बसली, बोटाने, हळूहळू, चीक सुटेपर्यंत. दोन वर्षांत तिने माझ्या चेहऱ्याला हात लावला नव्हता. मला रडू आलं. आधीच पाणी येत होतं, त्यामुळे कुणाला कळलं नसेल.

मग ती सदूबरोबर वखारीत गेली आणि पिकलेले चिकू घेऊन आली. सदूने ते सात तारखेलाच पेंढ्यात घातले होते, तिच्या सांगण्यावरून. ते दोऱ्याने बांधले. भाविकाने स्वप्नालाच झाडाखाली उभं केलं, सदूला शेजारी. तिने चिकू तोडला, अर्धा त्याला दिला, दोघं खाऊन हसले. एका टेकमध्ये ओके.

थोडक्यात, मी तो चावा घेतला नसता तर शूट वाचलं नसतं.

१३ नोव्हेंबर
दुसरा दिवस तलासरीला, सदूच्या घरी. मला वेळ कळवायची राहून गेली. पोचलो तेव्हा सामान टेम्पोत चढत होतं. सदूची आई बुधीबाई, तिने पाणी दिलं आणि विचारलं, तुम्ही जेवणवाले का.

निघताना भाविकाने कागद पुढे केला. चेहरा वापरायची परवानगी. म्हणाली, "अंकल, तुमचा तो शॉट सोनं आहे. फिल्म त्याच्यावरच उघडते."

न वाचता सही केली. ओपनिंग शॉट माझा. सदू आणि स्वप्ना पुढे कुठेतरी असतील, वातावरण म्हणून.

१४ डिसेंबर
तारीख आली. एकोणीसला जाहिरात रिलीज. अप्पांच्या अंगणात सगळ्यांना दाखवायची असं जाहीर केलं. तीस खुर्च्या, रोशनचा प्रोजेक्टर, बटाटेवडे. अप्पांनी विचारलं, कशाची जाहिरात. मी म्हणालो, वेलनेस. म्हणजे काय, म्हणाले. मी नुसता हसलो. छोटं भाषण लिहून ठेवलंय, संघर्षावर. स्वप्नाचा उल्लेख दोनदा आहे.

१९ डिसेंबर, रात्री ११
एकेचाळीस माणसं आली. जाहिरात चाळीस सेकंदांची. पहिले अकरा सेकंद मी.

काळा पडदा. मग माझं तोंड, अगदी जवळून, अप्पांच्या भिंतीएवढं. डोळे बाहेर, ओठ आवळलेले, मान ताठ, शिरा फुगलेल्या. मागून एक प्रेमळ आवाज विचारतो, "आज पण नाही झाली?"

पोट साफ होण्याचं चूर्ण आहे. चिकूच्या चवीचं.

मग उजेड. हिरवीगार वाडी. स्वप्ना आणि सदू, नवरा-बायको, चिकू खाताहेत, हसताहेत. हलकं वाटतं ना, असं काहीतरी वाक्य.

आधी अप्पा हसले. मग सगळेच. मागच्या रांगेत कुणीतरी वडा घशात अडकून खोकत होतं. फक्त सदू हसला नाही, तो खाली बघत होता, आणि त्याचंच मला जास्त लागलं. स्वप्ना खुर्चीला धरून हसत होती. ती हसताना कशी दिसते हे मी विसरलो होतो. चांगली दिसते.

भाषण केलं नाही.

माणसं गेल्यावर ती खुर्च्या रचत होती. मी म्हणालो, मला कुणी सांगितलं नव्हतं. ती डोळे पुसत म्हणाली, "जतीन, दोन वर्षांत पहिल्यांदा तू काहीतरी खरं केलंस. आणि तेसुद्धा तुला माहीत नव्हतं म्हणून."

२१ डिसेंबर
अच्छाडच्या नाक्यावर माझ्या तोंडाचा फ्लेक्स लागलाय. ट्रकवाले थांबून सेल्फी काढतात. रोशन सांगत होता, आशागडच्या शाळेत पोरं माझं तोंड करून दाखवतात. स्वप्नाच्या वर्गात.

सकाळी एजन्सीचा फोन. पहिल्याच रिंगला उचलला. त्यांना सदूच्या पुढच्या तारखा हव्या होत्या. सदू आणि मॅडम, जोडी लोकांना फार आवडली, अजून तीन फिल्म करणार. मी विचारलं, आणि मी? ते म्हणाले, तुमचा आहे तोच शॉट वापरू, तुम्हाला परत त्रास नको.

दुपारी अप्पांचा फोन. आयुष्यात पहिल्यांदा सध्या काय चाललंय असं विचारलं नाही. आवाज एकदम मऊ.

"जतीनराव, किती दिवसांपासून आहे हे?"

मी म्हणालो, अप्पा, तो अभिनय होता.

"लाजू नका. अभिनय आम्हाला कळतो."

संध्याकाळी त्यांनी सदूच्या हाती त्याच चूर्णाचे दोन डबे पाठवले. सदूने डबे दिले, खाली बघतच निरोप सांगितला, कोमट पाण्याबरोबर दोन चमचे, झोपताना. आणि गेला.

संकल्प: डब्यांना हातही लावायचा नाही. उद्या वकिलाला भेटून एजन्सीला नोटीस द्यायची. स्वाभिमान महत्त्वाचा. शिवाय पोटाचं म्हणाल तर या सगळ्या धावपळीत जेमतेम चार दिवस झालेत, त्याला काही आजार म्हणत नाहीत.

२२ डिसेंबर, सकाळी ६.४०
फरक पडला. स्वप्नाला सांगितलं नाही.