दादा, तुझं नॉर्वेचं मटण

प्रिय दादा,

रविवारी तुझं ते नॉर्वेचं मटण केलं. तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून लिहायला बसले.

आठवतंय? जहाजावरची स्वयंपाक्याची नोकरी संपवून कोल्हापुरात परतलास आणि पहिल्याच रविवारी स्वयंपाकघर ताब्यात घेतलंस. "फोरिकोल!" म्हणालास. कुणा नॉर्वेच्या म्हाताऱ्या आचाऱ्यानं तुला शिकवलेलं. हाडासकट मटणाचा एक थर, वर कोबीच्या जाड फोडींचा थर, मध्ये मीठ, जरासा मैदा आणि अख्खी काळी मिरी. बेताचं पाणी, वर झाकण आणि दुपारभर मंद आच. ना कांदा, ना खोबरं, ना चटणी! तांबडा रस्सा ओरपणाऱ्या घरात तू हे मांडलंस. काय रे तुझं धाडस!

वहिनीनं पातेल्यात डोकावून कपाळाला हात लावला होता. "ह्याला मटण म्हणत्यात व्हय? आजाऱ्याचं पथ्य हाय हे!"

"गप की! आन् झाकण उघडू नगंस," तू ओरडलास.

मग दर खेपेला तेच भांडण. ती चटणीचा डबा घेऊन ओट्याभोवती घिरट्या घालायची, तू पातेल्यावर पहारा द्यायचास. पण जेवताना नळी न चुकता तिच्या ताटात टाकायचास, आणि तीही ताट दणाणेपर्यंत आपटून आतलं खायची. मला तेव्हा हसू यायचं.

इतकी घाई का केलीस जायची? तेराव्याला वहिनी सगळ्यांसमोर म्हणाली, "आजपासनं मटण सोडलं. ह्यांच्या नावानं." पाहुण्यांनी माना डोलावल्या. मला मात्र राग आला, तुझाही आणि तिचाही. मटणावर एवढा जीव असलेली बाई! तेव्हापासून रविवारी ती दहीभात कालवते आणि भिंतीकडे तोंड करून पडते. गालफडं बसलीत रे तिची. कुणाशी धड बोलत नाही.

म्हणून रविवारी मी मटण घेऊनच तुझ्या घरी गेले. "तुझं तू कर. मला पिठलं हाय," म्हणत ती सोप्यात गहू निवडायला बसली. मी थर लावले, झाकण ठेवलं. थोड्या वेळानं राहवेना, म्हणून झाकण काढून डाव हातात घेतला.

"सुमे, हलवू नगंस! कोबीचा गाळ हुईल!"

सोप्यातून ओरडली! तशीच आत आली, माझ्या हातातला डाव काढून घेतला, गॅस बारीक केला. पातेल्यात बघून म्हणाली, "कोबीचा दांडा कशाला काढलास? त्यो असला की फोड सुटत न्हाय." दादा, तुला वाटायचं ती नुसती टिंगल करते. तिनं सगळं पाहून ठेवलं होतं! शिजेपर्यंत ती पातेल्याजवळून हलली नाही.

मी तिचंही ताट वाढलं. तिनं ते सरकवलं. "म्या सोडलंय न्हवं?"

"वहिनी, तुम्ही मटण सोडलंय. ह्याला तुम्ही कधी मटण म्हटलंय का?"

ती आधी हसली, मग पदर डोळ्यांना लावून खूप रडली. मीही रडले. मग नाक पुसून म्हणाली, "व्हय की. आयुष्यभर भांडले त्यांच्यासंगट ह्याच्यावरनं." आणि भाकरी मोडली. नळी मी तिच्याच ताटात टाकली होती. ती आपटल्याचा आवाज तुला ऐकू गेला का रे?

हात धुताना म्हणते कशी, "चटणी पायजे हुती." तुझीच बायको ती!

तू काळजी करू नकोस. हे पातेलं तुझ्या घरात चढत राहील. दांडा काढणार नाही, डाव लावणार नाही, चटणीचा डबा मी लपवून ठेवीन. नळी वहिनीचीच. आणि शब्द देते, त्याला आम्ही कधीही मटण म्हणणार नाही.

तुझी धाकटी,
सुमी