फलकावरची वेलांटी

बीड, शनिवार, सायंकाळ

शबाना मराठी विषयात विद्यापीठात पहिली आली, म्हणून महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारावर फलक लावला. मजकूर प्राचार्य या नात्याने मी स्वतः तपासला होता. 'हार्दीक'चे 'हार्दिक' केले, 'विद्यार्थीनी'चे 'विद्यार्थिनी'. आज बसस्थानकापाशी फळे विकणारे तिचे वडील तिला घेऊन आले. फलक पुनःपुन्हा वाचून म्हणाले, "सर, बोर्ड लई भारी हाय. पण पोरीचं नाव कुठं हाय?"

नव्हते. संस्थाध्यक्षांचे होते, माझे होते. तिच्यासाठी 'आमची विद्यार्थिनी प्रथम', एवढेच. प्रत्येक वेलांटी पाहणाऱ्या मला हे दिसले कसे नाही?

"जाऊ द्या, अब्बा," शबाना म्हणाली, "सरांनी शुद्धलेखन किती बरोबर केलंय, बघा."

उपहासाने म्हणाली असती, तर सोसले असते. ती मनापासून कौतुक करत होती.