भाडेकरूंना दिलेली नोटीस

वॉशिंग मशीनची शिट्टी वाजली म्हणून उठले, आणि उठलेच आहे तर तुला लिहून टाकते. कपडे तेवढे वाळत घाल.

परदेशात घेतलेला आपला फ्लॅट भाडेकरूंकडून रिकामा करून घ्यायचा का, असं एजंटनं मागच्या महिन्यात विचारलं होतं. रिकामा असला की लवकर विकला जातो म्हणे. मी तुला न विचारता परस्पर हो म्हणून मोकळी झाले. तू 'मालकीणबाई' म्हणून चिडवतोस ना, अगदी तशाच तोऱ्यात. तिथे कोण राहतं, एवढंसुद्धा विचारलं नाही रे.

आज त्यानं फोटो पाठवलेत. बांधलेली खोकी आहेत. भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत, आपण चिमीची उंची मोजतो तशा. सगळ्यात वरची रेघ खिडकीपर्यंतही पोचत नाही.

नोटीस मागे घेता येते का, ते बघायला एजंटच्या इथल्या ऑफिसात चाललेय. चिमीला बरोबर नेते. घरी आले की हवं तेवढं बोल.

चिमीनं मगाशीच फोटो पाहिले. चपला घालून दारात उभी आहे आणि तिसऱ्यांदा विचारतेय, "आई, त्यांना घरातून जा असं कोणी सांगितलं?"