देवाची जागा

यवतमाळ,
१९ सप्टेंबर

प्रिय प्रेरणा,

काकूंच्या तेरवीला मी राळेगावला आले होते. बसमधून उतरून गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, दारातला मांडव पाहिला आणि तशीच परत फिरले. तू फोन केलास तेव्हा अंगात ताप आहे म्हणाले, ते खोटं होतं. तुझी आई गेलेली असताना तुझ्याशी खोटं बोलायला माझी जीभ धजली. तिला सवय झाली आहे, दुसरं काय.

काकूंनी मला कधी परकी मानलं नाही. शाळेतून तुझ्याबरोबर आले की ताट वाढलेलंच असायचं. "मले दोन पोरी, एक घरची आन् एक खादाड," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या आणि मी लाजतसुद्धा नव्हते. त्यांच्या हातची भाकर खाऊन मोठी झालेली मी, त्यांना खांदा देणाऱ्यांच्या मागे चालायलाही आले नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या नयनच्या कॉलेजसाठी इथं यायचं ठरवलं आणि घर विकायला काढलं. ते तू घ्यावंस असं मला मनापासून वाटत होतं, यावर आता विश्वास ठेवू नकोस, ठेवावा असं मी काही केलेलं नाही. तुम्ही घर बघायला आलात ते श्रावणात. काळ्या मातीवरचं घर, उन्हाळ्यात भिंतींना भेगा पडतात, पावसाळ्यात मिटतात, हे नयनच्या बाबांनी तुम्हाला आपणहून सांगितलं. न्हाणीचं पाणी तुंबतं, तेही सांगितलं. किती सरळ माणसं, असं तू म्हणालीस. लहानसहान दोष मोकळेपणानं सांगितले की मोठ्याबद्दल कोणी विचारत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

मग मागच्या खोलीत एका फरशीवर हळदीकुंकवाचा डाग पाहून तू विचारलंस, हे काय गं? नयनच्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, देवाची जागा आहे. काकूंनी तिथल्या तिथं वाकून हात जोडले आणि म्हणाल्या, "मंग देवच बसवू तिथं." त्यांनी देव्हारा तिथंच मांडला आणि रोज सकाळी तिथंच पूजेला बसू लागल्या. मागच्या महिन्यात पाच दिवसांच्या झडीनंतर ती फरशी त्यांना घेऊन खाली गेली, आणि खाली विहीर निघाली.

पुढं पोलिसांनी आम्हा दोघांना पंचनाम्याला बोलावलं तेव्हा नयनचे बाबा म्हणाले, "बापाच्या काळची विहीर असन, आमाले काय मालूम." मी बाजूला उभी होते. सासरे, भगवानराव, आता नाहीत, त्यांना कोण विचारणार?

प्रेरणा, ती विहीर माझ्या लग्नानंतरच्या वर्षी बुजवली. घरी नळ आला होता आणि मागे एक खोली वाढवायची होती. दगडमाती आणायचा कंटाळा, म्हणून वावरातली पऱ्हाटी आत टाकली. त्या काड्यांचे भारे मीसुद्धा डोक्यावरून आणले. वर थोडा मुरूम, त्यावर फरशी. पऱ्हाटी किती वर्षं टिकते हे कापूस पिकवणाऱ्यांना सांगायला नको, पण त्या वेळी कोणी बोललं नाही. नयन झाला आणि सव्वा महिन्यानं विहीर पुजायची वेळ आली तेव्हा सासरे म्हणाले, "दुसऱ्याच्या विहिरीवर कायले जातं, आपली घरातच हाये." त्या फरशीवर हळदीकुंकू वाहून मी विहीर पुजली. पुढं दर वर्षी नयनच्या वाढदिवसाला वाहत राहिले. घर विकायच्या आदल्या उन्हाळ्यात ती फरशी दोन बोटं खाली बसली. नयनच्या बाबांनी ती उचलली, खाली सिमेंट ओतलं आणि नवी बसवली. मी पुन्हा तिच्यावर कुंकू वाहिलं, तोच डाग तू पाहिलास.

त्या खोलीची मागची भिंत विहिरीच्या काठावर उभी आहे. तिकडं कोणी जाऊ नका, काकूंचे देव काढायलासुद्धा नाही.

परवा फोनवर तू सांगितलंस की विकणाऱ्याला दोष माहीत होता हे दाखवता आलं नाही तर केस उभी राहणार नाही, असं वकील म्हणतात. मी ते घरी सांगितलं तेव्हा नयनचे बाबा किती दिवसांनी पोटभर जेवले. मला घास उतरला नाही, कारण फोन ठेवता ठेवता तू म्हणाली होतीस, "तुले मालूम असतं तर तू सांगतलंच असतं." म्हणून हे लिहिते आहे. माझ्याकडून शेवटची आठवण म्हणून हे जपू नकोस, उद्याच वकिलांकडे नेऊन दे. तक्रारीत यांच्या नावाबरोबर माझंही नाव घाल. साक्षीला मी येईन, मग हे घर मला राहो न राहो. माफी मागत नाही, ती देणाऱ्या काकूच गेल्या. वर तारीख घातली आहे आणि खाली पूर्ण नाव लिहिते आहे, म्हणजे उद्या धीर सुटला तरी मला हे नाकारता येणार नाही.

तुझीच,
दिपाली शाम झोटिंग