जिनोआच्या धक्क्यावर

प्रिय प्रसेनजित,
जयभीम.

मी तुझ्याकडे आले होते तेव्हा जिनोआचं जुनं बंदर, उंच दीपस्तंभ तू मला हौसेनं दाखवत होतास. तेवढ्यात तुझ्यासोबत राहणारे भारतीय मित्र समोर आले. मी जयभीम म्हणणार, तोच तू कानाशी कुजबुजलास, "आई, इथं नको म्हणू. यायले अजून माहीत नाही."

मी नमस्ते म्हटलं.

कामरगावच्या सभेत बोलताना दगड आले तरी मी माईक सोडला नव्हता. जिनोआत मात्र तुझा घाबरलेला चेहरा पाहून जयभीम ओठांतच ठेवला. काल शेजारच्या बेबीताईनं विचारलं, "पोरगं सुखात हाये नं वं?" मी हो म्हटलं.

या पत्राच्या माथ्यावर जयभीम आहे. पाकीट त्या मित्रांनी उघडलं तर? खोडायला हात धजत नाही, म्हणून पत्र टाकत नाही.

तुझी आई,
पौर्णिमा